साल बाटलीत, रस ग्लासात

मागच्या अंकात आल्याच्या फसफसत्या सरबताबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. त्यातली निम्मी पत्रं सरबताची नाहीतच, बिअरची आहेत. संत्र्याची बिअर, आंब्याची बिअर, दालचिनीची बिअर. एकाने तर सावजी मसाल्याची विचारली आहे. त्याचं उत्तर सगळ्यात शेवटी, आधी बाकीचं वाचा. कॉलेजात वर्षानुवर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवल्यामुळे बरणीत काय चाललंय हे सांगायला मला आवडतं. ती बरणी कोणाच्या घरात, कोणत्या राज्यात ठेवली आहे, हे मात्र आधी विचारावं लागतं.

काकू, मी इंजिनिअरिंगला आहे, वय 20. रूमवर संत्र्याची बिअर करायची आहे. यीस्ट आणि माल्ट ऑनलाइन मिळतं, वीस लिटरची झाकणाची बादलीही आणून ठेवली. पुढे काय करू?
— एक विद्यार्थी, हिंगणा रोड

पुढे काही नाही. बादलीत कपडे भिजव.

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम 1949 चा. त्याच्या कलम 65 प्रमाणे परवान्याशिवाय मादक पेय तयार करणं हा गुन्हा आहे. विकायला केली की घरच्यापुरती, हा फरक तिथे उपयोगी पडत नाही, आणि बिअर काही ‘सौम्य’ म्हणून त्यातून सुटत नाही. शिवाय तू वय लिहिलंस म्हणून सांगते, आपल्या राज्यात सौम्य बिअर प्यायलासुद्धा 21 पूर्ण लागतात. यीस्ट आणि माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) दुकानात मिळतं ते पाव करायला, दुधात घालायला. मिळतं म्हणून चालतं असं नाही, बाप्पा.

पण तुझं डोकं चाललंय ते मला आवडलं. खाली महालातल्या एका सूनबाईंच्या पत्राला उत्तर दिलं आहे, त्यातलं सरबत एक लिटर करून बघ. यीस्ट काय करतं ते त्यातही तितकंच कळतं, आणि घरमालक दार वाजवायला येणार नाही.

माझा मुलगा अमेरिकेत, ओरेगॉन राज्यात असतो. गॅरेजमध्ये बिअर बनवतो. सून म्हणते, इथे चालतं आई. मागच्या उन्हाळ्यात त्याने आंब्याची केली, पण आंब्याचा वासच लागेना, नुसती पातळ आणि आंबटसर झाली म्हणे. आता थंडीसाठी मसाल्याची करायची म्हणतो. मी पुढच्या महिन्यात जाते आहे. इथून काय नेऊ? आणि हे खरंच कायदेशीर आहे का हो?
— एक आई, प्रतापनगर

सून खरं सांगते. 1978 साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने तिथे घरगुती बिअर मोकळी झाली. एका प्रौढ माणसाला वर्षाला 100 गॅलन, म्हणजे 378 लिटर, आणि दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर घराला 200 गॅलन. विकायची नाही, एवढीच मुख्य अट. काही राज्यांनी बराच काळ ताणून धरलं. मिसिसिपी आणि अलाबामा 2013 मध्ये वळली. ओरेगॉन तर हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या, शेतीचं राज्य, तिथे तुमच्या मुलाला कोणी विचारायचं नाही.

आता आंबा. बहुतेक नवे लोक इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आंबा आपल्याला आंब्यासारखा लागतो तो निम्मा गोडीमुळे. यीस्ट साखर खातं. सगळी खातं, काही मागे ठेवत नाही. गोडी गेली की फळातलं आम्ल आणि थोडा तुरटपणा उरतो, म्हणून ती आंबटसर झाली. दुसरं म्हणजे वास. साखर खाताना यीस्ट कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि तो बुडबुडत बाहेर जाताना हलके वास सोबत घेऊन जातो. पहिल्या चार-पाच दिवसांत बादलीतून इतका वायू निघतो की त्या खोलीत आंब्याचा घमघमाट सुटतो. मुलगा खूश झाला असेल. पण खोलीत आलेला वास बाटलीत कुठून उरणार? आणि त्याने गर माल्टच्या उकळत्या पाण्यातच टाकला असेल तर निम्मा वास त्याआधीच वाफेबरोबर गेला, वर फळातलं पेक्टिन (ज्याने जॅम घट्ट होतो ते) सुटून बिअर कायमची गढूळ.

त्याला सांगा, फळ उशिरा. आधी साधी गव्हाची किंवा फिकट बिअर लावायची, मुख्य आंबवण ओसरू द्यायची, साधारण आठवडा. मग वीस लिटरला दोन-अडीच किलो गर. ताजा असेल तर आधी फ्रीजरमध्ये दगड होईपर्यंत गोठवायचा आणि वितळवून घालायचा. बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात आणि रस-वास मोकळा होतो. गोठवल्याने जंतू मरत नाहीत हे मात्र लक्षात ठेवायचं. डब्यातला आमरसाचा गर तापवून निर्जंतुक केलेला असतो, नवख्याला तो सोपा. तिथल्या भारतीय दुकानात केसर आणि हापूस दोन्हींचे डबे मिळतात.

गर घातला की त्यातल्या साखरेवर यीस्ट पुन्हा जागं होतं. त्या घाईत बाटल्या भरल्या तर गॅरेजमध्ये फटाके. यासाठी हायड्रोमीटर असतो, दूधवाल्याच्या लॅक्टोमीटरचा भाऊच तो; द्रव पाण्याच्या किती पट जड आहे ते दाखवतो. सुरुवातीला तो समजा 1.050 दाखवतो, कारण पाण्यात साखर विरघळलेली आहे. साखर संपत जाते तसा आकडा उतरत 1.010 च्या आसपास येतो. दोन आकड्यांमधला फरक 131 ने गुणला की अल्कोहोलची टक्केवारी मिळते, इथे सव्वापाच. फळ घातल्यावर आकडा लागोपाठ तीन दिवस जागचा हलला नाही, तरच बाटली.

आणि एक गुपित. दुकानात मिळणाऱ्या ‘आंब्याच्या वासाच्या’ कितीतरी बिअरमध्ये आंबा औषधालाही नसतो. सिट्रा आणि मोझेक नावाचे हॉप्स आहेत, त्यांचाच वास आंबा, पॅशनफ्रूट, संत्र्याकडे झुकतो. ते उकळताना नाही, शेवटी थंड बिअरमध्ये भिजवायचे. थोडा गर आणि असे हॉप्स एकत्र आले की जिभेला आंबा पटतो.

आता मसाले. तुम्ही जाताना धणे न्या. हसू नका. बेल्जियममध्ये ह्यूगार्डन नावाचं गाव आहे, तिथे धणे आणि कडू संत्र्याची साल घातलेली गव्हाची पांढरी बिअर शतकानुशतकं होत असे. 1950 च्या दशकात तिथली शेवटची भट्टी बंद पडली. पिएर सेलिस नावाच्या तिथल्या दूधवाल्याला ती चव सोडवेना. 1966 मध्ये त्याने ती पुन्हा सुरू केली, आणि आज ती जगभर जाते. या बिअरसाठी अनेक जण मुद्दाम भारतीय लांबट धणे शोधतात. गोल धण्यांपेक्षा त्यांचा वास लिंबा-संत्र्याकडे जास्त जातो. इतवारीतून चांगले, नवे, फिकट रंगाचे धणे घ्या. भाजायचे नाहीत, पूड करून न्यायची नाही. वीस लिटरला वीस ग्रॅम, ऐनवेळी खलबत्त्यात नुसते फोडून, उकळी बंद करायच्या पाच मिनिटं आधी. सोबत तिथल्याच संत्र्याची किसलेली साल, पंचवीस-तीस ग्रॅम.

थंडीच्या मसालेदार बिअरचं म्हणाल तर तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात लाल कोहळ्याची बिअर करायची रीत आहे. अठराव्या शतकात, वसाहतींच्या काळात, माल्ट सहज मिळत नसे तेव्हा लोक कोहळं शिजवून साखरेची भर घालायचे. आजच्या बिअरमध्ये कोहळ्याची चव जवळजवळ नसते. चव असते ती कोहळ्याच्या ‘पाय’ नावाच्या तिथल्या गोड पदार्थातल्या मसाल्यांची: दालचिनी, जायफळ, लवंग, सुंठ. आपल्या घरात हे सगळं आहे, आणि धोकाही तिथेच आहे, कारण आपला हात सैल. वीस लिटरला बोटभर दालचिनी, दोन लवंगा, चिमूटभर जायफळ. तिसरी लवंग पडली की दातांच्या दवाखान्याचा वास. त्यातही जर्मनीतल्या बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरचं यीस्ट त्याने वापरलं, तर ते स्वतःच लवंगेचा आणि केळ्याचा वास तयार करतं. मग लवंग अजिबातच नको.

अंदाज चुकू नये म्हणून एक रीत. सगळे मसाले फोडून पाव वाटी व्होडकात चार-पाच दिवस भिजत ठेवायचे आणि गाळायचे. तयार बिअर मोजून 100 मिली ग्लासात घ्यायची, त्यात हा अर्क थेंबाथेंबाने घालून चाखायचं. पाच थेंबांत जमलं, तर वीस लिटरला हजार थेंब, म्हणजे साधारण 50 मिली. शंका असेल तर चाळीसच घालायचे, वरून वाढवता येतं. उकळीत टाकलेली लवंग परत काढता येत नाही.

नेताना मसाले सीलबंद पाकिटातले न्या आणि तिथे उतरल्यावर खाद्यपदार्थ आहेत असं स्पष्ट सांगा. संत्री मात्र पिशवीत घालू नका, कितीही जीव तुटला तरी. ताजं फळ तिथे उतरल्यावर काढून घेतात, आणि लपवलं तर दंड.

घरची बाग आहे. सकाळी पाहुणे येणार म्हणून रात्री संत्र्यांचा रस मिक्सरमधून काढून फ्रीजमध्ये ठेवला. सकाळी कडू! फळं गोड होती, खाऊन पाहिली होती. काय झालं?
— एक बागायतदारीण, काटोल

लिमोनिन झालं. संत्र्याच्या पाकळ्यांच्या पातळ पडद्यात आणि बियांमध्ये एक पदार्थ असतो, जो स्वतः कडू नसतो. फळ दाबून रस काढला की तो आंबट रसात मिसळतो आणि आम्लामुळे हळूहळू त्याचं लिमोनिन होतं. ते जहाल कडू. म्हणून रस ताजा असताना गोड लागतो आणि काही तासांनी कडू. गरम केला तर हे काम आणखी लवकर होतं. मिक्सरच्या पात्याने बिया आणि पडदे चिरडले, तिथे कडूपणाची सोय झाली. मोसंबीचंही असंच होतं.

हाताने, बिया काढून, हलके दाबून रस काढा आणि पंधरा-वीस मिनिटांत पाहुण्यांच्या हातात द्या. साठवायचा अट्टहास करू नका. 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आपलं संत्रं खायला जगात भारी आहे, पण रसाच्या बाटलीत ते रुसतं. मोठमोठ्या रस-कारखान्यांना ही कडवट डोकेदुखी ठाऊक आहे.

तुमच्या या पत्रातच बिअरवाल्यांचंही उत्तर आहे. संत्र्याचा रस उकळून पेयात घातला की साखर यीस्ट खातं, वास उडतो, उरतं लिमोनिन. संत्र्याचं खरं संत्रेपण सालीच्या नारिंगी भागातल्या तेलाच्या पिशव्यांत आहे. ती साल घ्या. आपल्या संत्र्याची साल सैल, त्यामुळे सोलल्यावर किसता येत नाही, चुरगाळते. अख्खं फळ कोमट पाण्यात धुऊन, खसखसून पुसून, किसणीच्या बारीक बाजूवर हलक्या हाताने फिरवा आणि पांढरा भाग दिसायला लागला की थांबा. मग सोलून खा. आंबिया बहाराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबरात येतात तेव्हा ती जरा आंबट असतात, पण सालीला कडक वास असतो. तेव्हाच कीस सावलीत वाळवून बरणीत भरून ठेवा. मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमधली गोड फळं नुसती खायची.

मागच्या अंकातलं आल्याचं सरबत केलं. सगळ्यांना आवडलं. मग सासूबाईंनी विचारलं, “हे फसफसतं म्हणजे यात दारू तर नाही ना?” मी गप्प. आता त्या माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघतात. खरं काय ते लिहा, त्यांना वाचून दाखवते.
— एक सून, महाल

सासूबाई, नमस्कार. तुमचा प्रश्न बरोबर आहे. यीस्टने फेस आणला की थोडं अल्कोहोल येतंच, दोघं जुळी भावंडं. आपल्या उन्हाळी आंबिलीत आणि पावाच्या भिजवलेल्या कणकेतही ते नावापुरतं असतं. प्रश्न किती, एवढाच. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांत 0.5 टक्क्याच्या वर गेलं की ते मद्य. मी त्या रेषेच्या आत राहायचा हिशेब देते, मागच्या वेळी जागेअभावी तो सुटला होता.

एक ग्रॅम साखर यीस्टने पूर्ण खाल्ली की अर्ध्या ग्रॅमहून जरासं जास्त अल्कोहोल आणि जवळपास तेवढाच वायू तयार होतो. म्हणजे लिटरभर पाण्यात सात ग्रॅम साखर असेल, तर सगळी खाऊन झाली तरी अल्कोहोल 0.48 टक्क्यांवर थांबणार. पुढे जायला खाऊच नाही! आणि वायू होतो साडेतीन ग्रॅम. बिअरमध्ये पाचेक असतो, बाटलीबंद सोड्यात त्याहून बराच जास्त. तेव्हा फेस मवाळ येतो, नाकात झिणझिण्या आणणारा नाही. पण येतो.

बहुतेक पाककृतींमध्ये लिटरला पन्नास-साठ ग्रॅम साखर सांगतात आणि ‘फेस आला की फ्रीजमध्ये ठेवा’ म्हणतात. फ्रीजमध्ये यीस्ट मंदावतं, मरत नाही. बाटली आठवडाभर विसरली, लाइट गेली, की हिशेब गेला. साखरच कमी द्या आणि निर्धास्त झोपा.

आधी विरजण. स्वच्छ बरणीत दोन वाट्या उकळून गार केलेलं पाणी (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन यीस्टला सोसत नाही), त्यात सालासकट किसलेलं आलं एक चमचा आणि साखर एक चमचा. वर फडकं. रोज तेवढंच आलं आणि साखर घालून ढवळायचं. यीस्ट आल्याच्या सालीवरच असतं, विकत आणावं लागत नाही. दिवाळीच्या हवेत चौथ्या-पाचव्या दिवशी बुडबुडे दिसतात. वर बुरशीची लव आली, विशेषतः रंगीत, तर सगळं फेकून द्या. वरची काढून खालचं वापरू नका.

मग एक लिटर पाण्यात तीस ग्रॅम ठेचलेलं आलं दहा मिनिटं उकळा, झाकून गार करा, गाळा. त्यात साखर सहा ग्रॅम, म्हणजे चहाचा दीड चमचा सपाट. अर्ध्या लिंबाचा रस. एका संत्र्याच्या सालीचा कीस. आणि विरजणाचं गाळलेलं पाणी दोन चमचे. विरजणात उरलेली साखर धरून सात ग्रॅम होतात. प्लास्टिकच्या सोड्याच्या बाटलीत भरा, वर तीन बोटं जागा सोडा, बूच घट्ट. बाटली दाबून बघत राहायची. दगडासारखी कडक झाली की फ्रीजमध्ये.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या कमी साखरेचं सरबत गोड कसं लागणार? नाही लागत. गोडी ग्लासात घालायची. ताज्या संत्र्याचा रस ग्लासात अर्धा, वर हे आल्याचं फसफसतं पाणी. संत्र्याच्या रसात शंभर मिलीला आठ-दहा ग्रॅम साखर असते. तो बाटलीत गेला तर यीस्टचं जेवण, ग्लासात गेला तर आपलं. रस कडू व्हायलाही वेळ मिळत नाही.

घरात कोणी अजिबात अल्कोहोल घेत नसेल, कोणाला दिवस गेले असतील, किंवा लहान मुलं असतील, तर त्यांच्यासाठी आल्याचा काढा, सालीचा कीस, लिंबू आणि साधा सोडा. आंबवायचंच नाही. सासूबाईंना पहिला ग्लास तोच द्या.

मे महिन्यात काचेच्या बाटलीत फसफसतं सरबत ठेवलं होतं, ओट्याखाली. दुपारी स्फोट झाला. नशीब, कोणी स्वयंपाकघरात नव्हतं. आमच्या नागपूरच्या उन्हाळ्यात हे करूच नये का?
— एक वाचक, मानेवाडा

काचेत करू नये, कोणत्याच ऋतूत. बाहेर 45 अंश असताना ओट्याखालीही 36-38 असतात. उष्णतेत यीस्ट दुप्पट वेगाने खातं, आणि गरम पाण्यात वायू विरघळून राहत नाही, सगळा दाब काचेवर. तुम्ही साखर किती घातली ते लिहिलं नाही, पण बाटली फोडण्याइतकी होती हे ओट्यानेच सांगितलं. प्लास्टिकची सोड्याची बाटली आधी फुगून इशारा देते, आणि फाटली तरी काच उडत नाही.

बिअरवाल्यांचं नेहमीचं यीस्ट 18 ते 22 अंशांत खूश असतं. त्याहून गरम झालं की केळ्याचा, स्पिरिटचा, नेलपॉलिशसारखा वास सोडायला लागतं. ही बाब आपल्या आल्याच्या विरजणालाही लागू आहे, म्हणून मेमधलं सरबत डिसेंबरच्या सरबतासारखं लागत नाही. उपाय आपल्या घरातच आहे: परातीत पाणी, त्यात बाटली, बाटलीला ओलं सुती फडकं, समोर पंखा. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि बाटली बरीच गार राहते. जूनच्या मध्यावर पाऊस लागला की हा उपाय संपला, हवाच ओली. कूलरसमोर ठेवली तरी चालेल. मात्र कूलरच्या टट्टीतला वाळा काढून सरबताला वापरू नका. एकाने ते विचारलं आहे, म्हणून लिहिते. खायचा वाळा वेगळा घ्यावा, धुऊन पुरचुंडीत बांधून माठात सोडावा.

कपाशीच्या धुऱ्यावर अंबाडी लावतो. लाल बोंडं हिवाळ्यात भरपूर निघतात, बायको चटणी करते. याचं असं फसफसतं पेय होईल का?
— एक शेतकरी, उमरेड

झकास होईल, भाऊ. मला विचाराल तर संत्र्यापेक्षा चांगलं. लाल अंबाडीच्या पाकळ्यांत आम्ल भरपूर, साखर अगदी थोडी, म्हणजे यीस्टने लुटण्यासारखं काही नाही आणि चव जशीच्या तशी राहते. रंगही आम्लामुळे लालभडक टिकतो. कॅरिबियन बेटांवर नाताळात याच पाकळ्यांचं आलं-लवंग घातलेलं पेय घरोघरी करतात, आणि अमेरिकेतले बिअरवाले तिला गव्हाच्या बिअरमध्ये घालतात.

लिटरला वाळलेल्या पाकळ्या दहा-बारा ग्रॅम; ओल्या असतील तर मूठभर. बी काढून टाका. पाणी उकळून गॅस बंद करा, मग पाकळ्या, दालचिनीचा नखाएवढा तुकडा आणि दोन मिरे टाकून झाका, गार झालं की गाळा. साखर, विरजण वरच्या हिशेबाने. लिंबू नको, आंबट पुरे आहे. ग्लासात गुळाचं पाणी घाला. बाटलीत गूळ नको, तो साखरच आहे.

बोंडं बाजारात नेता त्यापेक्षा पाकळ्या वाळवून नेल्या तर विचारणा होते का, ते एकदा पाहा.

मोहफुलं घालून असं सौम्य पेय करता येईल का? आमच्याकडे पोत्याने मिळतात.
— एक वाचक, भंडारा जिल्हा

नको. मोहात साखर इतकी आणि फुलांवर यीस्ट इतकं की 0.5 टक्क्याचा हिशेब पहिल्या दिवशीच मोडतो. त्यातून जे होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, आणि त्या भट्टीचा कायदाही. फुलं धुऊन, वाळवून, तव्यावर भाजून तिळाबरोबर कुटून लाडू करा. त्याची कृती हवी असेल तर वेगळं पत्र लिहा.

आमचा जिल्हा दारूबंदीचा. हे आल्याचं सरबत इथे चालेल का?
— एक शिक्षिका, वर्धा

तुमच्यासाठी सोड्याचं. सेवाग्रामच्या जिल्ह्यात मी 0.48 च्या दशांशावर वाद घालायला सांगणार नाही. आलं आणि संत्र्याची साल उकळत्या पाण्यात झाकून ठेवा, गार झालं की लिंबू आणि थंडगार सोडा घाला. शाळेच्या स्नेहसंमेलनातही ठेवता येईल.

काकू, बिअरमध्ये सावजी मसाला? सिरियसली विचारून राहिलो.
— एक खवय्या, गोळीबार चौक

सिरियसली सांगून राहिले: नाही. सावजी रश्श्याचं अर्ध काम तर्री करते, म्हणजे तेल. बिअरचा फेस धान्यातली प्रथिनं धरून ठेवतात, आणि तेलाचा एक थेंबही तो बसवतो. तेल न घालता नुसता कोरडा मसाला टाकला, तर त्यातल्या लसूण-खोबऱ्याचं काय करणार? खोबऱ्यात पुन्हा तेल, आणि लसूण घातलेली बिअर तुझे मित्रही पिणार नाहीत.

त्या मसाल्यातले काळे मिरे, दगडफूल आणि चक्रीफूल हे तिघे मात्र वेगळे काढून पाहण्यासारखे आहेत. काळे मिरे तर काही बेल्जियन बिअरमध्ये पडतातच. तू मात्र ते आल्याच्या सरबतात टाकून बघ, लिटरला चार मिरे फोडून आणि दगडफुलाचा नखाएवढा तुकडा, गॅस बंद केल्यावर.